एका वेलीचे नाव : साष्टी ते नाणेघाट

मुंबई इलाख्यातील वनस्पतींची एक जुनी आणि मोलाची यादी पोस्ट खात्यातल्या माणसाने केलेली आहे. जॉन ग्रॅहॅम हे त्याचे नाव. मुंबईत तो डेप्युटी पोस्टमास्टर जनरल होता आणि टपालाच्या कामातून उरलेला वेळ झाडे ओळखण्यात घालवीत असे. २८ मे १८३९ रोजी खंडाळ्यास तो वारला, तेव्हा यादीची छपाई अर्धवट झालेली होती. राहिलेला भाग जोसेफ निम्मो या त्याच्या वनस्पतिवेड्या सहकाऱ्याने पुरा केला आणि त्याच वर्षी ते पुस्तक मुंबईत निघाले.

या निम्मोचे नाव आज एका वेलीच्या नावाला जोडलेले आहे. सेरोपेजिया ओडोराटा ही ती वेल. ओडोराटा म्हणजे सुवासिक. जमिनीतल्या कंदातून दर पावसाळ्यात वर येणारी, बारीक दोऱ्यासारखी, पिवळसर फुलांची ही वेल. तिच्या जुन्या नोंदींत साष्टीचे नाव येते. साष्टी म्हणजे मुंबईची उपनगरे आणि ठाणे शहराचा मोठा भाग ज्या बेटावर वसला आहे ते.

मी डोंबिवलीत राहतो. कळव्याच्या पुढे गाडीने खाडी ओलांडली की मी साष्टीत असतो. येऊरच्या रानात मी गेली वीस-बावीस वर्षे पावसाळ्यात जातो आहे. ही वेल मला तिथे एकदाही दिसलेली नाही. अलीकडच्या नोंदी येतात त्या मेळघाटातून आणि गुजरातेतल्या पावागडाकडून. जिचा इतिहास आपल्या उंबरठ्यापाशी सुरू झाला ती वेल पाहायची तर शेकडो कोस जावे लागते, ही गोष्ट मला बरीच वर्षे नुसती हळहळ वाटत होती. वनस्पतीची एखादी 'नवी जात' ठरते म्हणजे नक्की काय घडते, हे शोधू लागल्यावर तिचा खरा अर्थ लक्षात आला. त्या शोधात माझ्या हातून एक चूकही झाली. ती पुढे सांगतोच.

आधी या वेलीच्या घराण्याची ओळख. सेरोपेजिया हा रुईच्या नात्यातला वंश. मराठीत याच्या जातींना कुठे खरचुडी, कुठे खरतुडी म्हणतात. हल्ली निसर्गप्रेमी मंडळींत 'कंदीलपुष्प' हे नाव रूढ झाले आहे, आणि ते फुलाला शोभतेही. खाली फुगीर तळ, त्यावर अरुंद नळी आणि वर पाच पाकळ्यांची टोके एकमेकांना चिकटून झालेला पिंजरा. पाकळ्यांच्या मधल्या फटी म्हणजे कंदिलाच्या खिडक्या. बारीक माश्या त्या खिडक्यांतून आत शिरतात. नळीच्या आतल्या केसांची टोके खाली वळलेली असतात, त्यामुळे माशी तळाशी उतरते, पण तिला परत वर येता येत नाही. तळघरात ती धडपडते आणि फुलाचे परागपुंज तिला चिकटतात. काही काळाने केस कोमेजतात, वाट मोकळी होते आणि माशी सुटते. सुटलेली माशी दुसऱ्या कंदिलात अडकली तरच बी धरते. बी धरले की दोन लांब शेंगा येतात. त्या उकलल्या की रुईच्या म्हाताऱ्यांसारखे रेशमी केसांचे बी वाऱ्यावर जाते. आपण आकाशकंदील टांगतो त्या सुमारास बहुतेक खरचुड्यांच्या वेली वाळून गेलेल्या असतात. पुढच्या पावसापर्यंत मागे उरतो तो कंद.

या वंशाला सेरोपेजिया हे नाव लिनिअसने १७५३ साली दिले. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ मेणाचे कारंजे असा होतो. त्यातल्या एका जातीला त्याने कँडेलाब्रम, म्हणजे दीपवृक्ष, म्हटले. गंमत अशी, की लिनिअस कधी हिंदुस्थानात आला नव्हता. कँडेलाब्रमसाठी त्याने 'हॉर्टस मलबारिकस' या ग्रंथातल्या चित्राचा आधार घेतला. कोचीनचा डच अधिकारी व्हान ऱ्हीड याने सिद्ध केलेला हा बारा खंडांचा ग्रंथ १६७८ पासून अॅम्स्टरडॅमला छापला गेला. त्याच्या पहिल्या खंडात रंगभट, विनायक पंडित आणि आपुभट या तीन कोकणीभाषक वैद्यांचे १६७५ सालचे नागरी लिपीतले प्रमाणपत्र छापलेले आहे. झाडांची नावे आणि गुण यांची माहिती आपण तपासून दिली, असे ते सांगतात. लिनिअसने ज्या वेलीचा आधार घेतला तिच्या मलबारी नावाच्या शेवटी 'वल्ली' आहे. म्हणजे स्वीडनमध्ये या वेलीला शास्त्रीय नाव मिळाले, त्याआधी इथल्या वैद्याने तिला ओळखले होते, चित्रकाराने तिचे चित्र काढले होते आणि तिला नावही होते.

मग लिनिअसने नवे काय केले? वंश आणि जाती अशा दोन शब्दांत तिला बांधले. वंश हे आडनाव समजा आणि जाती हे नाव. त्यामुळे कोलंबोचा, कलकत्त्याचा आणि लंडनचा माणूस एकाच वेलीबद्दल बोलतो आहे, याची खात्री झाली. पुढे या पद्धतीला कडक नियम आले. जातीचे नाव एका विशिष्ट नमुन्याला जखडलेले असते. त्याला टाइप म्हणतात. साधारणपणे ती एक वाळवलेली फांदी असते, जाड कागदावर चिकटवलेली. कोपऱ्यात चिठ्ठी : कुठे मिळाली, केव्हा, कोणी तोडली. उद्या वाद झाला तर पुस्तकातले वर्णन बाजूला ठेवून त्या कागदाकडे जावे लागते. नव्या जातीचे वर्णन लॅटिनमध्ये देण्याची सक्ती १९३५ पासून होती. २०१२ पासून इंग्रजीही चालते. मराठी चालत नाही, हे जाता जाता नोंदवतो.

निम्मोच्या वेलीची गोष्ट या नियमांच्या प्रकाशात पाहिली की नीट कळते. नाव त्याचे, पण तिचे शास्त्रीय वर्णन जोसेफ हूकरच्या 'फ्लोरा ऑफ ब्रिटिश इंडिया'च्या चौथ्या खंडात, १८८३ साली आले. म्हणून आज तिच्या नावापुढे 'निम्मो एक्स हूकर' असे लिहितात. 'एक्स'चा अर्थ, नाव एकाने सुचवले आणि नियमानुसार दुसऱ्याने प्रसिद्ध केले. निम्मोने नाव दिले ते ग्रॅहॅमच्या काळात. तिथपासून १८८३ पर्यंतच्या मधल्या वर्षांत साष्टीचे रूप पालटत गेले. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला आगगाडी आली, पुढच्या वर्षी ती कल्याणला पोचली. विहारचे धरण झाले. मुंबईला पाणी, दगड, लाकूड आणि माणसे पुरवण्याचे काम साष्टीच्या डोंगरांना लागले. शास्त्रात वेलीचे नाव पक्के होत होते त्याच काळात तिच्या डोंगराभोवती शहराची वेस सरकत होती.

याच्या उलट एक उदाहरण आहे. हूकरच्या त्याच खंडात सेरोपेजिया लॉई नावाची जात आहे. ही वेल नव्हे, सरळ उभे वाढणारे रोप. मुंबई इलाख्यातला सनदी अधिकारी लॉ याने कोकणातून गोळा केलेल्या नमुन्यावरून तिला त्याचे नाव मिळाले. पुढे अनेक दशके ती कोणाला दिसली नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती हरिश्चंद्रगडावर सापडली. म्हणजे हरवलेली वनस्पती परत मिळू शकते. पण त्यासाठी तिचा कडा जागेवर असावा लागतो. हरिश्चंद्रगडाचे कडे आहेत. साष्टीतल्या कित्येक टेकड्या आज केवळ बसथांब्यांच्या नावांत उरल्या आहेत.

नवी जात ओळखण्याचे काम या वंशात विशेष अवघड आहे. सेरोपेजियाचे फूल दाबून वाळवले की त्याचा कंदील चपटा होतो, रंग उडतो आणि मधल्या मुकुटासारख्या भागाची ठेवण कळेनाशी होते. नेमक्या याच भागावरून जाती वेगळ्या करायच्या असतात. म्हणून युरोपातल्या संग्रहालयांतले वाळके कागद पाहून जे ठरवले गेले त्यात गोंधळ राहिला. हर्बर्ट ह्यूबर या जर्मन अभ्यासकाने १९५७ साली जगभरच्या सेरोपेजियांची फेरमांडणी केली. पण ताजे फूल हातात घेऊन पाहण्याचे काम इथल्याच लोकांनी करायचे होते.

ते काम केले मुंबई-पुण्याच्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी. सेंट झेवियर्स कॉलेजातले स्विस जेझुइट फादर ब्लाटर आणि त्यांचे सहकारी चार्ल्स मॅकॅन यांनी १९३१ साली पाचगणीच्या नावाची सेरोपेजिया पांचगणिएन्सिस प्रसिद्ध केली. मॅकॅन यांनी १९४५ साली सेरोपेजिया इव्हान्साय ही वेल शास्त्रापुढे आणली. त्याच कॉलेजातले फादर सांतापाव यांनी खंडाळ्याच्या वनस्पतींवर ग्रंथ लिहिला आणि पुढे भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेची धुरा सांभाळली. संस्थेचे पुण्यातले कार्यालय पन्नाशीच्या दशकात सुरू झाल्यावर एम. वाय. अन्सारी, के. हेमाद्री यांच्यासारखे लोक पावसाळ्यात जुन्नर, मावळ, महाबळेश्वरचे डोंगर धुंडाळू लागले. १९६८ ते १९७२ या थोड्या वर्षांत सांतापावी, रोली, सह्याद्रिका, महाबळेई, नूरजहानी अशा कितीतरी जाती प्रसिद्ध झाल्या. १९७१ साली अन्सारी आणि हेमाद्री यांनी तर सह्याद्रीतल्या एका वनस्पतीसाठी शेषगिरिया हा नवा वंशच उभा केला. रोली आणि शेषगिरिया ही दोन्ही नावे एकाच माणसाच्या सन्मानार्थ आहेत : पुण्याचे शास्त्रज्ञ रोल्ला शेषगिरी राव. १९८४ साली अन्सारी यांचा भारतीय सेरोपेजियांवरचा ग्रंथ निघाला. माझ्यासारख्या हौशी माणसाची गीता तीच.

हे काम थांबलेले नाही. २००६ साली नाशिकजवळच्या अंजनेरीच्या नावाने एक जात आली, त्याच वर्षी महाराष्ट्राच्या नावाने दुसरी. २०२३ साली विशाळगडावरून शिवरायांच्या नावाची जात जाहीर झाली, तेव्हा वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानांवर कंदीलपुष्प झळकले.

आता माझी गोष्ट. मी शिकलो ते आयटीआयपर्यंत. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होतो. वनस्पतिशास्त्र मी पुस्तकांवरून आणि चुकांवरून शिकलो. सोळा वर्षांपूर्वीच्या सप्टेंबरात कल्याणहून सकाळची मुरबाडमार्गे जाणारी एसटी धरून वैशाखऱ्याला उतरलो आणि नाणेघाटाच्या वाटेला लागलो. हीच ती जुनी वाट. कल्याण बंदरात उतरलेला माल सातवाहनांच्या काळात याच वाटेने जुन्नरला चढत असे आणि वरच्या लेण्यात नागनिका राणीचा लेख आजही आहे. चढणीच्या मध्यावर कारवीच्या काठ्यांना गुंडाळलेली एक वेल दिसली. तीन वेली होत्या, तिन्ही फुलावर. खोडावर दाट लव, पाकळ्यांचा रंग मला माहीत असलेल्या कुठल्याही खरचुडीसारखा नाही. मी खिशातून व्हर्निअर काढला. नळीची लांबी, तळाचा व्यास, पाकळीच्या टोकाची रुंदी, सगळे मोजले. कागदावर दसपट आकाराचे चित्र काढले. घरी येऊन अन्सारींचा ग्रंथ पानन् पान चाळला. जुळेना.

पुढच्या रविवारी परत गेलो आणि एक वेल कंदासकट उपटली. नमुना पुरा हवा, कंद दिसला पाहिजे, असे पुस्तकात वाचले होते. असा नमुना घेण्याआधी परवानगी काढायची असते, हे वाचले नव्हते. वाटेवरच्या वाडीतले एक म्हातारबाबा माझ्या हातातला कंद पाहून हसले. म्हणाले, "ह्यात नवा काय हाय? आमी ल्हानपनी ढोरं राखताना ह्याचेच कांदं खाल्लेत." मला तेव्हा त्यांचे बोलणे ऐकू आले नाही, असेच म्हटले पाहिजे. कारण मी मनातल्या मनात नाव ठरवले होते. नागनिका.

फुले स्पिरिटच्या बाटलीत घालून मी पुण्यातल्या एका जाणत्या वनस्पतिशास्त्रज्ञांकडे गेलो. त्यांनी भिंगाखाली बराच वेळ पाहिले. चित्राचे कौतुक केले. मग विचारले, "किती वेली पाहिल्यात?"

"तीन."

"तीन वेलींवर जात उभी राहत नाही. लव सावलीत किती, उन्हात किती? जुलैतले फूल आणि सप्टेंबरातले फूल मोजलेत का? खालच्या टप्प्यावरची आणि वरच्या टप्प्यावरची? तुम्ही कारखान्यात एका नटावरून सगळ्या लॉटचे माप लिहिता का?"

नट हा शब्द त्यांनी मला कळेल म्हणूनच वापरला असणार. पुढचे दोन पावसाळे मी ती वाट पायथ्यापासून माथ्यापर्यंत तपासली. तीसच्या वर वेली मिळाल्या. सावलीत लव दाट, उघड्यावर विरळ. रंग गर्द हिरव्यापासून जांभळटापर्यंत, मध्ये सगळ्या छटा. नळीची मापे एकमेकांत मिसळत जाणारी. माझ्या तीन वेली एका टोकाला होत्या, एवढेच. ती होती सेरोपेजिया व्हिंसिफोलिया. सदाफुलीच्या युरोपातल्या भावंडासारख्या पानांची, म्हणून ते नाव. विल्यम हूकरने ती इंग्लंडमधल्या वनस्पती-मासिकात रंगीत चित्रासह प्रसिद्ध केली ते साल होते १८३९. म्हणजे ग्रॅहॅमची यादी निघाली तेच. मी एकशे सत्तर वर्षे उशिरा पोचलो होतो.

वाईट वाटले, हे खोटे कशाला बोलू? पण नागनिका गेल्याचे दुःख फार टिकले नाही. टिकले ते दुसरेच. म्हातारबाबांच्या लहानपणी मुले कंद खात होती आणि तरी वेली होत्या, कारण मुले मोठा कंद घेत आणि बारके ठेवत, हे मला त्यांच्याच सुनेने पुढे सांगितले. साळिंदर कंद उकरते, डुक्कर उकरते, तेही सगळे संपवत नाही. मी मात्र तीनपैकी एक वेल, फुलावर असताना, शेंग धरण्याआधी, मुळासकट काढली होती. शास्त्राला तिचा काही उपयोग झाला नाही. जी नवी नव्हती तिचा टाइप कसा होणार? माझ्या कपाटात तो कागद अजून आहे. चिठ्ठीवर तारीख, ठिकाण आणि माझे नाव आहे. जातीच्या नावाच्या जागी आधी पेन्सिलीने लिहिलेले खोडून शाईने व्हिंसिफोलिया लिहिले आहे.

या अनुभवानंतर निम्मोच्या वेलीकडे मी वेगळ्या नजरेने पाहू लागलो. नवी जात म्हणजे नवी वनस्पती नव्हे. वनस्पती आधीपासून असते, तिला खाणारे, ओळखणारे, औषधात वापरणारे लोकही बहुधा असतात. नवे असते ते एवढेच, की तिची आणि तिच्या सख्ख्या शेजारणींची सीमा कोणीतरी पुरेशा वेली पाहून आखलेली असते. ही सीमा एका कागदाने सिद्ध होत नाही. तिला डोंगर लागतो, भरपूर वेली लागतात, सावल्या आणि उन्हे लागतात. नाणेघाट शाबूत होता म्हणून माझी चूक दोन पावसाळ्यांत मला कळली. साष्टीच्या सुगंधी वेलीबद्दल असा प्रश्न कोणी विचारला, तिच्यात आणि मेळघाटच्या वेलीत फरक होता का, तिचा वास आणि तिचा रंग तसाच होता का, तर तपासायला साष्टीत जागा फारशी उरलेली नाही. नाव राहिले, हूकरचे वर्णन राहिले. ज्यांच्याशी ताडून पाहायचे त्या वेली राहिल्या नाहीत.

म्हणून आता मी नवी जात शोधत नाही. येऊरला जातो तेव्हा ओडोराटाचा शोध चालूच असतो, राष्ट्रीय उद्यानाचे रान मोठे आहे आणि कंद जमिनीखाली असतो तोवर आशा सोडू नये असे मला वाटते. नाणेघाटात दर सप्टेंबरला जाऊन मोजणी करतो : किती वेली, किती फुलावर, किती शेंगा धरलेल्या. मुरबाडच्या रस्त्याने कल्याण-बदलापूर कसे पसरत येते आहे ते एसटीच्या खिडकीतून दिसतेच. पुढच्या कोणा अभ्यासकाला या उताराबद्दल काही विचारायचे झाले तर सोळा वर्षांचे आकडे एका वहीत आहेत. यंदाही मोजले. कारवीच्या त्या जाळीत, जिथे मला पहिल्यांदा तीन वेली दिसल्या होत्या, तिथे या वर्षी दोन आहेत. तिसरीची जागा मला अजून अचूक दाखवता येते.